विषय: पाच जण, आठ रात्री, आई-बाबांसाठी समुद्र – चिलेंतो चालेल का?

ऑग्सबुर्गहून, 8 फेब्रुवारी

नमस्कार मंडळी,

फिंग्स्टनच्या (मे-जूनमधल्या ख्रिस्ती सणाच्या) सुट्टीत आई-बाबा आमच्याकडे असतील. शेंगेन व्हिसा आहे, त्यामुळे जर्मनीबाहेरही नेता येईल. बाबांची सगळी नोकरी लातुरात गेली. समुद्र म्हणजे त्यांच्यासाठी गणपतीपुळ्याच्या दोन सहली, त्याही शाळेच्या मुलांना घेऊन. या वेळी त्यांना नुसतं पाण्याकाठी आठ दिवस बसवायचं आहे.

आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि ते दोघं. इटलीतल्या अमाल्फीचे दर पाहून छातीत धस्स झालं. बाबांचे गुडघे दुखतात, आई अंडंसुद्धा खात नाही. राहणं आणि एक वेळचं जेवण धरून अडीच हजार युरोंच्या आत बसेल असा किनारा कुणी पाहिला आहे का? कुणीतरी चिलेंतो असं नाव घेतलं होतं, पण ते नेमकं कुठे, तेही मला माहीत नाही.

उल्मच्या काकू, 8 फेब्रुवारी

अगं, बरोबर जागेचं नाव घेतलं आहेस. अमाल्फी सोडून तशीच खाली उतर. सालेर्नो ओलांडलं की सेले नदीचं सपाट मैदान लागतं आणि आग्रोपोलीपासून डोंगर पुन्हा समुद्रापर्यंत येतात. तिथून पालिनूरोच्या पुढेपर्यंत चिलेंतो. आम्ही तिथे तीनदा गेलो आहोत, दोनदा मामंजींना घेऊन.

तिथलं स्वस्त का, ते आधी समजून घे, म्हणजे तारखा चुकणार नाहीत. चिलेंतोत येतात ती बहुतेक इटालियन कुटुंबं, नेपल्स-सालेर्नोकडची. त्यांच्या शाळा जूनमध्ये सुटतात, आणि खरी झुंबड 15 ऑगस्टच्या, फेर्रागोस्तो नावाच्या सुट्टीच्या आसपास. आपली फिंग्स्टनची सुट्टी बहुतेक वर्षी त्यांच्या शाळा भरलेल्या असतानाच येते. त्या दिवसांत इथली जर्मन मंडळी गाड्या भरून गार्डा तलावाला आणि व्हेनिसच्या बाजूला जातात, इतक्या खाली फार थोडे उतरतात. गेल्या खेपेला आम्ही माणशी दिवसाला 58 युरो दिले, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. त्याच खोलीचा ऑगस्टचा दर भिंतीवरच्या पत्रकात 105 होता. समुद्र तोच, खोली तीच. फक्त 2 जूनला त्यांचा प्रजासत्ताक दिन असतो, त्याला जोडून आलेल्या सुट्टीत गर्दी होते, तेवढं बघ.

आता आमचं काय चुकलं ते सांगते, कारण तुझ्या बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. पहिल्या वर्षी मी 'समुद्राचं दर्शन' वाचून खोली घेतली. दर्शन होतंच, डोळ्यांचं पारणं फेडणारं. पण हॉटेल वरच्या गावात आणि पाणी पार खाली, मध्ये दगडी पायऱ्या आणि वळणांचा रस्ता. मामंजी दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही जा, मी इथून बघतो." चार दिवस ते गच्चीत बसून होते. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं.

झालं असं की चिलेंतोतली पुष्कळ गावं जोडगावं आहेत. किनाऱ्यावर चाच्यांचे हल्ले होत आणि सखल भागात हिवताप, म्हणून जुनी वस्ती डोंगरावर गेली. पहाऱ्याचे बुरूज मात्र पाण्याकाठी राहिले, ते अजून दिसतात. खालची वस्ती पुढे वाढली. त्यामुळे कास्तेल्लाबाते वर, सांता मारिया दी कास्तेल्लाबाते खाली. आशेआ वर, मरीना दी आशेआ खाली. पिशोत्ता, कामेरोता, तीच गत. पत्त्यात 'मरीना' किंवा 'सांता मारिया' आहे ना, ते आधी बघ आणि मगच फोटो बघ.

तुम्हाला मी पेस्तुमची बाजू सुचवीन. ती डोंगराच्या अलीकडे, मैदानात आहे. लांबच लांब वाळू, मागे पाइनची दाट सावली, पाणी बरंच आत जाईपर्यंत उथळ. लेकीला खेळू दे, बाबांना सावलीत खुर्ची टाकून दे. जूनच्या तोंडावर पाणी गारच असतं, आईंना पाय बुडवण्यापुरतंच जमेल.

आणि पेस्तुमला ती देवळं आहेत. ग्रीकांनी इसवी सन पूर्व 600 च्या सुमारास इथे पोसेइदोनिया वसवलं. तिन्ही देवळं त्यानंतरच्या दीडशे वर्षांतली, आणि अजून खांबांवर उभी. संध्याकाळी दगड मधासारखा होतो. सगळं सपाटीवर, बाबा आरामात फिरतील. संग्रहालय चुकवू नका. तिथे 1968 मध्ये सापडलेल्या एका थडग्याच्या झाकणाचा दगड आहे. त्यावर एक तरुण उंचावरून पाण्यात सूर मारतो आहे, हात पुढे, मान किंचित वर, खाली थोडंसं पाणी आणि बाजूला दोन बारीक झाडं. बाकी दगड बराचसा मोकळा. हे चित्र आतल्या बाजूला होतं, म्हणजे फक्त मेलेल्या माणसासाठी. मामंजी त्याच्यासमोरून हलेनात. कृष्णेच्या डोहात पोहत वाढलेला माणूस. म्हणाले, "पाय बघ कसे जुळवलेत, याला पोहता येत होतं." अठराच्या आतल्या मुलांना तिकीट नाही, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणालाच नाही.

दुसरी गंमत म्हशी. मोझरेल्ला होतं ते या मैदानातल्या म्हशींच्या दुधाचं, आणि गोठे बघायला मिळतात. मामंजींनी कऱ्हाडला जन्मभर म्हशी पाळल्या. तिथे गोठ्यात भिंतीला फिरता ब्रश लावलेला, म्हैस स्वतः जाऊन पाठ घासून घेते. ते पाहून त्यांचा चेहरा असा उजळला! आपल्या पंढरपुरीची शिंगं तलवारीसारखी लांब, या म्हशींची आखूड आणि मागे वळलेली. त्यावर त्यांनी गोठ्यातल्या माणसाला मराठीतून बरंच काही समजावलं आणि त्यानंही मान डोलावत ऐकून घेतलं. एक मात्र सांगून ठेवते, या चीजला वासराचं रेनेट लागतं, म्हणजे दूध फाडायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ. आईंचं पाळणं कितपत कडक आहे, ते त्यांनाच विचार.

जेवणाची काळजी नको. पाठ करून जा: 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा' – मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत. तिन्ही शब्द वेगळे म्हणायचे, कारण इकडे अँचोव्हीची बारीक मासळी सॉसमध्ये विरघळवतात आणि कुणी ते आपणहून सांगत नाही. लागाने ए चेची मागा. रुंद पट्ट्या, पीठ आणि पाण्याच्या, अंड्याविना, आणि सोबत काबुली चणे. पहिला घास घेतला आणि सासूबाई म्हणाल्या, "ही तर चकोल्यांची बहीण." फक्त गूळ-आमसूल नाही, लसूण आणि ऑलिव्हचं तेल आहे. चांबोत्ता म्हणजे बटाटा, वांगं, ढोबळी मिरची, टोमॅटोची भाजी, तीही चालेल.

श्टुटगार्टहून एक सभासद, 9 फेब्रुवारी

काकूंनी सगळं लिहिलंच आहे, मी प्रवासाचं सांगतो.

म्युनिकहून नेपल्सला थेट विमान आहे. विमानतळावरून मुख्य स्टेशनला बस, तिथून सालेर्नोमार्गे खाली जाणारी लोकल गाडी. पेस्तुमचं स्टेशन देवळांपासून चालत दहा मिनिटांवर आहे, पण किनारा तिथून दीड-दोन किलोमीटर. सामान आणि म्हातारी माणसं असताना तेवढं चालू नका. हॉटेलला आधी कळवलं तर बहुतेक जण घ्यायला येतात. कागदी तिकिटावर चढण्याआधी स्टेशनातल्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड होतो.

काकूंशी एका बाबतीत माझं जमत नाही. पेस्तुममध्ये समुद्र छान आहे, पण चिलेंतो म्हणजे डोंगर, आणि तो पाहायचा तर निदान दोन दिवस भाड्याची गाडी हवीच. पिशोत्ताची ऑलिव्हची प्रचंड जुनी झाडं, वेलिआचे अवशेष जिथे पार्मेनिदेस आणि झेनो हे ग्रीक तत्त्वज्ञ होऊन गेले, अच्चारोलीचं बंदर. पिओप्पीत अमेरिकन शास्त्रज्ञ अँसल कीज अनेक वर्षं राहिला आणि तिथल्या साध्या जेवणाचा अभ्यास केला. हे सगळं गाडीशिवाय आठ दिवसांत होणार नाही. गाडी घेताना चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट पुष्कळदा नाकारतात. आणि जुन्या गावात 'झेड टी एल'ची (बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या भागाची) पाटी दिसली की आत शिरू नका, कॅमेरा असतो. माझ्या घरी चार महिन्यांनी दंडाचं पत्र आलं.

उल्मच्या काकू, 9 फेब्रुवारी

दादा, पटलं. मधले दोन दिवस गाडी, बाकी पाण्याकाठी. पण वेलिआत चढ आहे, बाबांना खालच्या भागातच बसवा.

ऑग्सबुर्गहून, 11 फेब्रुवारी

काकू, दादा, काय बोलू! काल रात्री बाबांना फोनवर म्हशींचं सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, "दूध किती देतात?"

दोन हॉटेलं निवडली आहेत, दोन्ही पेस्तुमच्या किनाऱ्यावर. एकाचा दर माणशी 61, मुलीला निम्मा. दुसऱ्याचा 54. सात युरोंसाठी अडायचं नाही, पण फरक कशाचा ते कळत नाही.

उल्मच्या काकू, 11 फेब्रुवारी

फरक बहुधा छत्रीचा. तिथला किनारा बराचसा खुर्च्यावाल्यांकडे असतो, छत्री आणि दोन खुर्च्यांचे रोजचे पैसे पडतात. 'सेर्वित्सिओ स्पिआज्जा', म्हणजे ही किनाऱ्यावरची सोय, दरात धरली आहे का, ते 54 वाल्याला विचार. फुकटचा किनाराही असतो, 'स्पिआज्जा लीबेरा', पण तिथे सावली आपली आपण न्यायची. जेवणातलं पाणी आणि पेयं वेगळी लावतात, शहराचा मुक्कामाचा कर वेगळा, तो बहुतेक ठिकाणी निघताना रोख मागतात. हे सगळं मिळवून मग दोन आकडे शेजारी ठेव.

आणि लिफ्ट. किंवा तळमजल्याची खोली. ही गोष्ट त्यांच्याकडून लिहून घे. जेवण तिकडे आठला लागतं, आई-बाबांना सातला हवं असेल तर तेही आत्ताच विचार, घरचं हॉटेल असलं की सहसा नाही म्हणत नाहीत.

मी फोल्कसहोखशूलमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्यांच्या शिक्षणवर्गांत, तीन वर्षं इटालियन शिकले आहे. दोन्ही हॉटेलांचे पत्ते मला पाठव, आज संध्याकाळी पत्र लिहून देते. आईंचं अंडं, बाबांचे गुडघे, छत्री, सातचं जेवण, सगळं घालते. म्हशी किती दूध देतात, तेही विचारते.