पुतण्या पीएच मीटर घेऊन बागेत फिरतोय, कितपत ऐकायचं त्याचं?

निफाडचा_बागाईतदार
नमस्कार मंडळी. थॉमसन द्राक्षाची बाग आहे. पुतण्या यंदा बीएस्सी अ‍ॅग्री करून घरी आला आणि आल्या आल्या विहिरीचं पाणी मोजलं, पीएच ८ च्या वर निघाला, तर म्हणे काका या पाण्यात जीए (मणी फुगवायचं जिबरेलिक अ‍ॅसिड) मारलं की त्याची ताकद वाया जाते, आधी सायट्रिक अ‍ॅसिड टाकून ६ च्या आसपास आणा. अहो हा जन्मायच्या आधीपासून मी याच पाण्यात जीए मारतोय, मणी फुगतातच ना? त्यात मजुरांसमोर बोलला, मग माझं डोकं सटकलं. भाऊ त्याच्या बाजूने, घरची मंडळी पण त्याच्याच बाजूने. ज्याने एक छाटणी स्वतःच्या जबाबदारीवर काढली नाही त्याचं किती ऐकायचं?

ओझरकर
दादा, वाद घालत बसू नका, दोन ओळी देऊन टाका त्याला. त्याच दिवशी, तोच ब्लोअर, तोच डोस, फक्त पाणी वेगळं. ओळींना रिबीन बांधा आणि साईज दोघं मिळून कॅलिपरने मोजा, नाहीतर तो म्हणणार वाढली आणि तुम्ही म्हणणार होती तेवढीच आहे 😄

तासगाव_द्राक्षे
२०१० आठवतं का? सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या रेसिड्यूमुळे, म्हणजे मालात उरलेल्या अंशामुळे, युरोपात आपला माल अडकला होता. सीसीसी कोण मारत होतं, नवखी पोरं? वर्षानुवर्षं बागा काढलेले आपणच, शेंडा थांबतो काडी चांगली होते म्हणून बिनधास्त. रेसिड्यू डोळ्याला दिसत नाही, चवीला कळत नाही, मग अनुभव तिथं काय करणार, ते लॅबच्या मशीनलाच दिसतं. पाण्याचा पीएच पण त्यातलाच. मणी फुगतात हे तुम्हाला दिसतं, पण अजून किती फुगले असते ते कसं दिसणार? डावणी रोगाचा तेलकट डाग पानावर कोण आधी ओळखतो याची पैज लावा, तिथं पोरगं हरेल. मीटरच्या बाबतीत मात्र ऐका त्याचं.

अ‍ॅग्री_लास्ट_इयर
मी त्या पुतण्याच्याच जागी आहे म्हणून लिहितो. काका, एक लक्ष ठेवा, तो जोशात बोर्डोत (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) पण अ‍ॅसिड टाकायला निघेल. तिथं उलटं आहे, चुना कमी पडला की मोरचूदातलं तांबं मोकळं राहतं आणि पानं करपतात. आमच्या आजोबांनी मला विळ्याचं पातं द्रावणात बुडवून दाखवलं होतं, पात्यावर तांबूस थर चढला की अजून चुन्याची निवळी ओतायची. कॉलेजात लिटमस शिकवलं होतं पण विळा काय कुठल्या प्रॅक्टिकलला नव्हता. आणि त्याला रागवायचंच असेल तर घरी नेऊन रागवा, मजुरांसमोर नको, तो पण परत मजुरांसमोर बोलणार नाही.

निफाडचा_बागाईतदार
विळा तर आम्ही पण बुडवतो, पण पोराला कधी दाखवलाच नाही, तो असायचा हॉस्टेलला. ठीक आहे, विहिरीकडच्या चार ओळी देतो त्याला, दोन नको, कडेच्या ओळीत तसाही फरक पडतो. रिबीन आजच बांधतो. @ओझरकर मीटर आधी सेट करायला कसली पुडी लागते म्हणतोय तो, पिंपळगावला मिळेल की नाशिकला जावं लागेल?