बेकारभत्त्याचा पैसा इन्कम टॅक्समधून नाही, निदान मुळात तरी

"बेकारांना पोसायला आमचा इन्कम टॅक्स" असं काही पगारदार म्हणतात, ते महाराष्ट्रापुरतं तरी चुकीच्या खिशावर बोट आहे. इन्कम टॅक्स केंद्राचा. रोजगार हमीसाठी राज्याने 1975 साली वेगळा कायदा करून व्यवसाय कर बसवला, तोच पगारपत्रकात 'पीटी' म्हणून दिसतो. हमी कायद्यात काम मागूनही मिळालं नाही तर बेकारभत्त्याची तरतूद होती, आणि या करातून जेवढी रक्कम गोळा होईल तेवढीच भर सरकारनेही हमीच्या निधीत घालायची होती. म्हणजे शहरातल्या पगारदाराने गावच्या मजुराचा भार उचलायचा, हे उघडपणे ठरवूनच केलेलं.

फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 का कापले, हा प्रश्न दरवर्षी येतोच. राज्यघटनेच्या कलम 276 नुसार वर्षाला 2500 च्या वर हा कर घेता येत नाही. अकरा महिने 200 चे 2200, उरलेले 300 फेब्रुवारीत. एप्रिल 2023 पासून महिलांना महिना 25,000 पगारापर्यंत तो माफ आहे, तरी कापला जात असेल तर पेरोलवाल्यांना सॉफ्टवेअरमधली नोंद तपासायला सांगा. दोन ठिकाणी नोकरी असेल तर स्वतः नावनोंदणी करून हा कर आपणच भरणार असं दोन्हीकडे लेखी द्यायचं, नाहीतर दोन्हीकडून कापतात.

आणि हो, इन्कम टॅक्समध्ये या व्यवसाय कराची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत. नवीन प्रणाली घेतली असेल तर ते 2500 विसरा.