घरांच्या वेबसाइटवर शोध सोपा कसा करावा?

प्रश्न: विक्री आणि भाड्याच्या घरांची साइट बनवतोय. शोधपानावर 14 फिल्टर झालेत, मोबाइलवर यादी दिसायच्या आधी दोन स्क्रीन फिल्टरच. काय ठेवू, काय काढू?

उत्तर १: वर चारच ठेवा: विक्री की भाडे, ठिकाण, किंमत, खोल्या. बाकीचे 'आणखी फिल्टर'मध्ये. तिथल्या बटणावर '37 घरे दाखवा' असा आकडा प्रत्येक निवडीबरोबर बदलू द्या, म्हणजे कुणी रिकाम्या पानावर जाऊन आदळणार नाही. किंमतीला स्लायडर नको, बोटाने नेमका आकडा पकडताच येत नाही. 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन चौकटी द्या. त्यांचा फॉन्ट 16 पिक्सेलपेक्षा लहान ठेवलात तर आयफोनवर सफारी पान आपोआप मोठं करते.

उत्तर २: त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागे येणं! घर बघून मागे आलं की निवड पुसलेली आणि यादी पुन्हा पहिल्यापासून, इथेच लोक वैतागतात. सगळे फिल्टर आणि पान क्रमांक यूआरएलमध्ये (पानाच्या वेब पत्त्यात) ठेवा. तीच लिंक घरच्यांना पाठवली की त्यांनाही तेच निकाल दिसतात.

उत्तर ३: फोटोंची रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये (पानाच्या कोडमध्ये) लिहाच. नाहीतर फोटो लोड होताच यादीतलं घराचं कार्ड खाली सरकतं आणि बोट भलत्याच घरावर पडतं. यादीत वेबपी (फोटोची फाइल लहान ठेवणारा प्रकार) फॉरमॅटमधले छोटे फोटो पुरेत, मूळ फाइल नको. पहिल्या स्क्रीनखालचे फोटो लेझी लोडिंगवर टाका, म्हणजे तिथवर स्क्रोल केल्यावरच ते लोड होतील.

प्रश्नकर्ता: आणि नकाशा?

उत्तर १: मोबाइलवर वेगळ्या बटणामागे. नकाशा हलवणं थांबल्यावर साधारण 300 मिलिसेकंदांनीच सर्व्हरला विचारा, नाहीतर प्रत्येक सरकवण्याला विनंत्यांची रांग लागते.