पायांची जुनी दुखणी: आपले आणि आपल्या घरातले अनुभव लिहा

धागाकर्ती, शिक्षिका, कराड

गेल्या वर्षी जूनमध्ये सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले आणि टाचेत दाभण खुपसल्यासारखी कळ आली. दहा-बारा पावलांनंतर ती ओसरायची आणि चौथ्या तासाला फळ्यापुढे उभी राहिले की पुन्हा सुरू व्हायची. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसल्यामुळे मी घाबरले होते. परंतु असे हाड काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या टाचेत असते आणि माझे दुखणे तळव्याच्या जाड पट्ट्याचे, म्हणजे प्लांटर फॅसिआयटिसचे आहे, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितले. साधारण दहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हे होते. चाळिशी ते साठीतले, दिवसभर उभे राहणारे, वजन वाढलेले आणि पोटऱ्या आखडलेले लोक त्यात अधिक असतात. पोटरी ताणण्याचे व्यायाम केले, घरातही मऊ चप्पल वापरली, तरी बरे वाटायला दहा महिने लागले. शिक्षक-खोलीत हा विषय काढल्यावर आणखी तिघींनी तोच त्रास सांगितला, आणि तोवर कोणीच त्याविषयी बोलले नव्हते. म्हणून हा धागा.

साडीच्या दुकानात नोकरी, पुणे

सकाळी दहा ते रात्री नऊ मी उभीच असते, कारण गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे. करंगळीखाली भोवरी झाली आहे. ती काढली तरी दोन महिन्यांत पुन्हा तयार होते, कारण त्या जागेवरचा दाब काही कमी होत नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. आपल्याकडेही तसे व्हावे, असे मला मनापासून वाटते.

शेतकरी कुटुंब, रायगड

लावणीच्या दिवसांत आमच्याकडे चिखल्या ठरलेल्या. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलवटते आणि रात्री आग होते. पाय कोरडे ठेवा, असे सांगतात; पण दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईने ते केव्हा कोरडे करावेत? भेगांना मात्र कोकमाचे तेल वितळवून लावतो आणि त्याने आराम पडतो.

मुलगा, जळगाव

वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. एका संध्याकाळी ते बाजारातून परतले, तेव्हा ओसरीवर रक्ताचे ठसे आईला दिसले. चप्पल उलटी केली, तर तळातून आरपार आलेला अर्ध्या इंचाचा खिळा अंगठ्याखाली रुतलेला होता आणि वडील त्यावर दिवसभर चालले होते. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेल्यामुळे त्यांना काहीच जाणवले नव्हते. जखम वरून भरल्यासारखी दिसली, आत मात्र चिघळत गेली आणि तीन आठवड्यांनी अंगठा काढावा लागला.

नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासण्याची एक साधी, दोन-तीन मिनिटांची चाचणी असते. ती त्यांची पहिल्यांदा झाली ती शस्त्रक्रियेनंतर. त्याआधीच्या बारा वर्षांत दर तपासणीला साखर पाहिली गेली, पाय कोणी पाहिले नाहीत, आणि आम्हीही पाहिले नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले आहे, आणि मधुमेहींपैकी किमान पाचातल्या एकाला आयुष्यात कधीतरी पायाला अशी जखम होते. आता रोज रात्री मी त्यांचे तळवे विजेरीने पाहतो आणि चप्पल घालण्याआधी ती झटकून आत हात फिरवतो.

गृहिणी, नाशिक

वरचा अनुभव वाचून काल आईची पावले मांडीवर घेतली. तिलाही साखर आहे. उजव्या अंगठ्याचे नख कडेने आत रुतून तिथे नखुरडे झाले होते आणि भोवतालची कातडी काळपट पडली होती. मी विचारले, तर म्हणाली, "अगं, ते दिवाळीपासूनच आहे. दुखत नाही, म्हणून बोलले नाही." उद्या सकाळची वेळ घेतली आहे.