टँकर, पुढारी आणि ‘व्हय म्हाराजा’

सडेकर (संगमेश्वर)
आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात. टँकर चुकला की फोन थेट आमदारांना. दिवाळीनंतर पऱ्या (ओढा) वाहता असतो, तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने भरून वनराई बंधारा घालायला मात्र कोणी फिरकत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. मग पाचसात टाळकी काय ते ठरवतात आणि बाकीचे वर्षभर त्यांना शिव्या घालतात. आपल्याला पुढारी कामासाठी नको असतो हो, खापर फोडायला हवा असतो. देवळात गाऱ्हाणं घालणारा एक आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारा सगळा गाव, तीच सवय आपण मतदानालाही नेली.

बांधावरचा (गुहागर)
गाऱ्हाण्याला मध्ये आणू नका. शिमग्यात पालखी कोण नाचवतं? घरटी वर्गणी कोण काढतं? जिथे आपला शब्द चालतो तिथे गाव जबाबदारी घेतोच. नळयोजनेचा निधी, ठेकेदार, अभियंता यांतलं काय आपल्या हातात आहे? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडलंय, तेही श्रमदानाने करू का? लोकांना बेजबाबदार म्हटलं की सरकार अलगद सुटतं.

सडेकर
महामार्ग कशाला? मी पऱ्याबद्दल बोलतोय.

पऱ्याकाठी
कोणी फिरकत नाही म्हणणाऱ्याने स्वतः किती गोणी भरल्यात? आमच्या वाडीत बंधारा बायाच घालतात, कारण हंडा आमच्या डोक्यावर. पुरुष मुंबईला, घरात म्हातारी माणसं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहे. आमच्यात रजिस्टर दारात येतं, सह्या होतात, झाली सभा. मी सही न करता विषय काय म्हणून विचारलं, तर सासऱ्यांना निरोप आला, ‘सुनेला आवरा.’ जबाबदारी टाळतात म्हणे! घेणाऱ्याला कोण घेऊ देतं?

खाडीपलीकडचा (अलिबाग)
पुढारी फक्त खापरासाठी, हे पटत नाही. आमच्या चरी गावच्या शेतकऱ्यांचा संप बघा. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी कसायचं बंद केलं, ते सहाएक वर्षं. एकेकटं कूळ खोतापुढे उभंच राहिलं नसतं.

सडेकर
मान्य. पण पोटाला चिमटा कुळांनी काढला, जंगलातली लाकडं विकून दिवस काढले. आज हाकही पुढाऱ्याने द्यावी आणि झळही त्यानेच सोसावी, अशी आपली अपेक्षा.

कुडाळकर
आमचे चाकरमानी गणपतीक येतत, ‘गावासाठी कायतरी करूक व्हया’ म्हणतत आणि परतीची गाडी पकडतत. मगे वर्षभर ग्रुपवर सरपंचाक उपदेश.

पऱ्याकाठी
गणपतीत पऱ्याला पूर असतो, तेव्हा येऊन उपयोग नाही. दिवाळीनंतर या. गोणी मी जमवते.

बांधावरचा
या, पण तो बंधारा मेपर्यंत पुरेल का? सगळीकडे नाही पुरत. योजनेची फाईल कुठे अडली, हे ग्रामसभेत उभं राहून विचारणार कोण?

पऱ्याकाठी
मी विचारते. गणपूर्तीला तुमच्यातले कितीजण येताय ते बोला.