'एक्स्ट्रा ड्राय'च्या नावावर जाऊ नका
स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाईन 'एक्स्ट्रा ड्राय', म्हणजे 'जास्तच कोरडी', घेतली की गोडवा अजिबात लागणार नाही, असं कुणीतरी म्हटलंय. फसाल! लेबलवरची भाषाच उलटी आहे. युरोपीय नियमांनुसार 'ब्रूट' लिहिलेल्या वाईनमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, तर 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये 12 ते 17 ग्रॅम. प्रोसेक्को या इटालियन स्पार्कलिंग वाईनच्या बऱ्याच बाटल्या या दुसऱ्या गटातल्या. ठणठणीत कोरडी हवी तर 'ब्रूट नेचर' शोधा, 3 ग्रॅमच्या आत.

अशी वाईन 'नुसती आंबट लागते' ही तक्रार मात्र पटली, पण नुसती प्यायचीच कशाला? आमच्याकडे एकदा नाशिकची ब्रूट उघडली, सोबत गरमागरम कोथिंबीर वडी. तो आंबटपणा आणि बुडबुडे तळणाचा तेलकटपणा असा काही धुऊन नेतात की वड्या आधी संपल्या, वाईन उरली. (चीजची बशी तशीच पडून.)