हरित इमारतींच्या कॉन्फरन्सला विमानाने जायचं का?

विटांचा_हिशोब:
थेट मुद्द्यावर येतो. ज्या कॉन्फरन्समध्ये दिवसभर कार्बन कमी करा, कार्बन कमी करा चालतं तिथे पोचायला लोक अर्धी पृथ्वी ओलांडून विमानाने येतात, याचं आता मला हसूसुद्धा येत नाही. ऊर्जेशी संबंधित कार्बन उत्सर्जनात इमारती आणि बांधकामाचा वाटा साधारण ३७ टक्के, हा आकडा उद्घाटनाच्या भाषणात पहिल्या नाहीतर दुसऱ्या स्लाइडवर असतोच असतो. पण समोर बसलेल्यांच्या प्रवासाचा आकडा कुठल्या स्लाइडवर असतो?

अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या २०१९ च्या अधिवेशनाचा हिशोब नंतर प्रसिद्ध झाला होता. २८ हजारांच्या आसपास लोक आणि प्रवासाचं उत्सर्जन सुमारे ८० हजार टन, म्हणजे माणशी जवळजवळ ३ टन. ते लोक पृथ्वीविज्ञानवाले, आपण बिल्डिंगवाले, पण विमान तेच ना. २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक अभ्यास आला, त्यात कॉन्फरन्स पूर्ण ऑनलाइन केली तर कार्बन फूटप्रिंट ९४ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. आणि २०२० मध्ये ग्रीनबिल्ड, आपली हरित इमारतींची मोठी कॉन्फरन्स, ऑनलाइन झालंच की, काय बिघडलं? उलट भिंतीच्या सेक्शनची स्लाइड पॉज करून नीट बघता येते, हॉलमध्ये मागच्या रांगेतून तर नुसत्या रेघा दिसतात. माझं म्हणणं एवढंच की भाषणं ऑनलाइन ठेवा आणि प्रत्यक्ष भेटायचं ते रेल्वेने जाता येईल तेवढ्या अंतरातल्यांनी भेटा.

गिलावा:
हिशोब पटला, निष्कर्ष अजिबात नाही.

तुम्ही ब्लोअर डोअर टेस्टचा डेमो प्रत्यक्ष बघितलाय का? दाराच्या चौकटीत पंखा बसवून आतबाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक करतात आणि हवा कुठून गळते ते शोधतात. पॅसिव्ह हाउसला (अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांचं स्टँडर्ड) त्या दाबाला तासाला ०.६ पेक्षा जास्त हवाबदल चालत नाही, हे स्क्रीनवर पण कळतं, अगदी मान्य. पण सॉकेटच्या मागून गार हवेची धार हाताला लागते आणि शेजारी उभा असलेला कारागीर सांगतो की इथे टेप धुळीवरच चिकटवलीये म्हणून सुटली, ते व्हिडिओत येत नाही हो. वर्कशॉपमध्ये स्वतः खिडकीभोवती हवा अडवणारं मेम्ब्रेन लावून बघितल्यावर कळतं की ड्रॉइंगमधे आपण जो कोपरा काढतो तिथे माणसाचा हातच जात नाही.

दुसरं म्हणजे फसलेलं काम. स्टेजवर सगळ्यांचे प्रोजेक्ट प्लॅटिनम, म्हणजे सगळ्यात वरच्या ग्रीन रेटिंगचेच. खाली चहाच्या रांगेत तोच आर्किटेक्ट सांगणार की मॉडेलमध्ये दाखवली त्याच्या दुप्पट वीज जातीये, कारण कंट्रोल्सचं कमिशनिंगच, म्हणजे सुरू करताना तपासून जुळवणंच, कुणी नीट केलं नाही. हे रेकॉर्डिंग चालू असताना कोण बोलेल? क्लायंट बघत असतो.

काटकोन:
+१. माझं निम्मं शिक्षण त्या चहाच्या रांगेत झालंय.

विटांचा_हिशोब:
@गिलावा, वर्कशॉपचा मुद्दा घेतला. पण चहाच्या रांगेचं काय कौतुक करताय? इमारत वापरात आल्यावर प्रत्यक्ष किती वीज खाते हे छापून जाहीर व्हायला पाहिजे, ते होत नाही म्हणून कुजबुज ऐकायला आपण विमानाने जायचं, आणि पुन्हा ती कुजबुज पन्नास जणांपलीकडे जात नाही. म्हणजे लपवाछपवीसाठी इंधन जाळतोय आपण.

गिलावा:
व्हायला पाहिजे हे खरंच. होत नाही तोवर काय करायचं ते सांगा.

उंबरठा:
इथे सगळे जाणाऱ्यांबद्दलच बोलताय. जे जाऊच शकत नाहीत त्यांचं काय? घरी आजारी माणूस आहे, किंवा व्हिसा कॉन्फरन्स संपल्यावर हातात पडतो, किंवा ऑफिस फक्त पार्टनर लोकांनाच पाठवतं. मी एम्बॉडीड कार्बनवरचा (बांधकामाचं सामान बनवण्या-आणण्यात आणि बांधण्यात होणारं उत्सर्जन) पहिला प्रश्न ऑनलाइन सेशनमध्येच विचारू शकले, प्रत्यक्ष हॉलमध्ये माइक माझ्यापर्यंत कधी आला नसता.

पण हायब्रिड, म्हणजे प्रत्यक्ष आणि ऑनलाइन एकदम, या नावाखाली जे चालतं ते बघून संताप येतो. कॅमेरा एका कोपऱ्यात, वक्ता पॉइंटर भिंतीवर फिरवतो तो आम्हाला दिसत नाही, हॉलमधला प्रश्न ऐकू येत नाही आणि चॅटमधले प्रश्न 'वेळेअभावी' राहतात. ऑनलाइनवाल्यांसाठी वेगळा मॉडरेटर बसवा, पहिला प्रश्न स्क्रीनवरचा घ्या. एवढं केलं तरी पुष्कळ. नाहीतर सरळ सांगा की तुमच्याकडून फी तेवढी हवीये.

रात्रपाळी:
ऑनलाइनचं खरं चित्र मी सांगतो. लीड एपी (लीड या ग्रीन बिल्डिंग रेटिंगच्या जाणकाराचं प्रमाणपत्र) टिकवायला दोन वर्षांत ३० तासांचं कंटिन्यूइंग एज्युकेशन लागतं. वेबिनार एका टॅबमध्ये म्यूट, दुसऱ्या स्क्रीनवर टेंडरचं काम, मधे 'तुम्ही आहात का' चा पोल आला की क्लिक. तास जमा, डोकं आहे तिथेच. आमच्याकडे सगळे हेच करतात आणि कुणी बोलत नाही.

शिवाय ऑनलाइन म्हणजे काय फुकट आहे का? सर्व्हरला वीज लागते, डेटा सेंटर थंड ठेवायला लागतं.

विटांचा_हिशोब:
सर्व्हरचा मुद्दा येणार हे माहीतच होतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०२० चा अंदाज तासभर व्हिडिओ स्ट्रीमिंगला सुमारे ३६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा आहे. तीन दिवस रोज आठ तास बघितलंत तरी किलोभर होत नाही. तिकडे ३ टन. आणि म्यूट करून बसणं हा तुमचा दोष, माध्यमाचा नाही, हॉलमध्ये काय लोक लॅपटॉप उघडून बसत नाहीत?

मांडव_आवरणारा:
मी आयोजकांच्या बाजूने काम करतो, म्हणून दोन गोष्टी.

एक, विमानाबरोबर स्टॉलचा कचरा पण धरा. तीन दिवसांसाठी एमडीएफच्या फळ्यांचे स्टॉल, प्लास्टिकच्या तळाचं कार्पेट, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी बघावं तर सगळं कंटेनरमध्ये. समोरच्या बॅनरवर 'सर्क्युलर इकॉनॉमी'. कार्यक्रम शाश्वत पद्धतीने भरवण्यासाठी आयएसओ २०१२१ हे स्टँडर्ड २०१२ पासून आहे, पण स्टॉल बांधणाऱ्या ठेकेदारापर्यंत ते पोचतंच असं नाही. आणि डेलाइटवरचं भाषण हमखास बिनखिडकीच्या हॉलमध्ये, एसी इतका की श्रोते अंगावर शाल ओढून थर्मल कम्फर्टची व्याख्या ऐकतायत.

दोन, पूर्ण ऑनलाइन का होत नाही तर पैसा. निम्म्याच्या वर खर्च स्टॉल लावणारे प्रदर्शनवाले उचलतात (मी काम केलंय तिथे तरी), आणि व्हर्च्युअल स्टॉलवर कोणी फिरकत नाही, ते थ्रीडी हॉल आठवतायत ना. बाकी धागाकर्त्याने ९४ टक्केवाल्या अभ्यासातला अर्धाच भाग सांगितलाय. त्यातच असं पण आहे की जागा विचार करून निवडल्या, एकाऐवजी अनेक ठिकाणी हब केले, तर निम्म्याहून जास्त लोक प्रत्यक्ष येऊनही फूटप्रिंट दोन तृतीयांशाने कमी होऊ शकतो. मला तरी हेच जमण्यासारखं वाटतं, अर्थात हबच्या शहरांवरून जी भांडणं होतील ती वेगळीच.

क्लिंकर:
सगळे ३ टनावर अडकलात. जगातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालून केलेल्या एलसी-३ सिमेंटमध्ये क्लिंकर (भट्टीत भाजून निघणारा सिमेंटचा मुख्य घटक) निम्म्यावर येतो, उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. कॉन्फरन्सला गेलेल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने तिथे नमुना हाताळला, टेस्ट करणाऱ्याला चार उलटसुलट प्रश्न विचारले आणि परत येऊन एका मोठ्या कामाचं स्पेसिफिकेशन बदललं की तुमचे ३ टन पायाच्या काँक्रीटमध्येच वसूल.

विटांचा_हिशोब:
'बदललं की'. कितीजण बदलतात? विमानाने जाणारा प्रत्येकजण स्वतःला तो एक इंजिनिअर समजतो. सहा महिन्यांनी सगळ्यांना मेल करून विचारा ना, काय बदललंत म्हणून.

क्लिंकर:
विचारा की. ऑनलाइनवाल्यांनाही विचारा मात्र.

उंबरठा:
हे दोघांनाही विचारायचं आवडलं. फीडबॅक फॉर्ममध्ये जेवण कसं होतं तेच विचारतात.

नवा_ओळंबा:
माझा पेपर सिलेक्ट झालाय, आठ तासांची फ्लाइट, ऑनलाइन वाचायचा पर्याय पण दिलाय. धागा वाचून आणखीच गोंधळलो. जाऊ की नको?

गिलावा:
हाताने करायचं वर्कशॉप आहे का? असेल तर जा, आणि तिथेच आठवडाभर राहून दोन-चार साइट बघून ये. नुसता पंधरा मिनिटांचा पेपर असेल तर घरून वाच.

विटांचा_हिशोब:
चक्क सहमत. रेल्वेने नाही का जाता येत पण?

नवा_ओळंबा:
मधे समुद्र आहे काका.